दहा वाजेपर्यंत

सकाळी सात वाजता
तिच्या हातून केळीच्या दोराची गाठ सुटेना,
तेव्हा मी म्हटलं, "नखरे."
मीच म्हटलं. ते आधी सांगून टाकते.

आमचं घर फुलकारांचं, म्हार्दोळात, देवळाच्या मागच्या अंगाला.
इथे पोर नीट बोलायच्या आधी फाती विणते.
सुलक्षा नऊ वर्षांची, अबोली ओवण्यात माझ्याहून चपळ,
आणि आता चहाच्या पेल्याला दोन्ही तळवे लावते,
जिना पाठमोरी उतरते,
न्हाणीतला नळ कोपरानं सोडते.
दहा वाजले की मात्र अंगणात पोरांमागे धावते,
जसं काही झालंच नव्हतं.

तेच तर कुणाला पटेना.
खेळाचे सर म्हणाले, "काल पळालीस, आज लंगडतेस?"
शकूमावशी म्हणाली, "संधिवात? तो माझा. तिचं वय काय!"
कुणी निगडीचा पाला आणून दिला,
कुणी म्हटलं, वाढीचं दुखणं, वाढली की जाईल.
मी सोलकढी बंद केली. ती रडली.
गुडघा तसाच राहिला,
पोदेराच्या टोपलीतल्या उंड्यासारखा
फुगलेला, गरम.

बांबोळीला तिसऱ्या खेपेला डॉक्टर मिनेझिस भेटल्या.
माझ्याकडे न बघता त्यांनी तिलाच विचारलं,
"सकाळी अंग किती वेळ आखडतं?"
"पोदेराच्या पोंपोंपासून
शाळेच्या मधल्या सुट्टीपर्यंत."
त्यांनी ते तसंच्या तसं लिहून घेतलं.
आणि मग मला:
गावाला राखणदार असतो ना, रात्री वेशीवर फिरणारा?
हिच्या अंगातला राखणदार वाट चुकलाय.
घरच्याच माणसांना चोर समजून
सांध्यासांध्यावर काठी आपटतोय.
तुमचं काही चुकलं नाही, बाय. तिचंही नाही.

मी विचारलं, "त्याला रोट ठेवू?"
त्या हसल्या. "ठेवा. पण गोळीही द्या.
आठवड्यातून एकदाच, रविवारी, विसरायची नाही.
आणि डोळे तपासून घ्या दर तीन महिन्यांनी.
हे डोळ्यांत शिरतं ते
न दुखता, लाल न होता."

बाहेर बाकावर वाळपईचा एक मुलगा,
मिसरूड फुटलेला, गळ्यात फुटबॉलचे बूट अडकवलेले.
पाच वर्षांचा असल्यापासून येतो म्हणाला.
सुलक्षाला त्यानं हळूच सांगितलं,
"सोमवारी मळमळतं. सोमवारी कुणाचं काही ऐकू नकोस."
ती कितीतरी दिवसांनी
मोठ्या माणसासारखी मान हलवून हसली.

आता दर रविवारी
मी केळीचा दोर तिच्या गुडघ्याभोवती फिरवते
आणि जिथे टोक पोचतं तिथे गाठ मारते.
दोरच तेवढा मला वाचता येतो.
भाद्रपदातली गाठ बाहेर आहे, दिवाळीतली थोडी आत,
मध्ये एक परत बाहेर गेलेली.
त्या रविवारी मी देवळात गेले नाही.
डॉक्टरांनी तो दोर फाइलीत टाचून ठेवलाय.

बसमध्ये एक बाई म्हणाली, "धडधाकट पोर, उठ गो, बसू दे मला."
सुलक्षा उठू लागली.
मी तिच्या खांद्यावर हात ठेवला
आणि सगळ्या बसला ऐकू जाईल असं म्हटलं,
"मुलांनाही होतो हा आजार. तिला बसू दे."
आवाज माझाच होता, "नखरे" म्हणणारा.

जायेची कळी दुपारभर मिटलेली असते.
आमच्या घरात आजवर
तिला कुणी आळशी म्हटलेलं नाही.

आज सातला ती उठून बसली, हात पुढे धरले,
एकेक बोट वाकवून बघितलं.
"तीन उठलीत. बाकीची अजून निजलीत."
तीन बोटांना पुरेल एवढी अबोली मी तिच्यापुढे ठेवली.
उरलेली ओल्या फडक्यात गुंडाळली,
दहा वाजेपर्यंत.